क्रूझवरून मुंबईत उतरल्यावर कोयना धरावी की महालक्ष्मी?

रंकाळ्याची_सई
नमस्कार मंडळी. डिसेंबरात आम्ही सहाजण मुंबईहून क्रूझला निघालोय. मी, नवरा, पोरगा, सासू-सासरे आणि आत्येसासूबाई. गोवा, लक्षद्वीप करून जहाज परत मुंबईलाच येतं. जहाजाचं बुकिंग झालं, घरात पोहण्याच्या चष्म्यापासून खरेदी सुरू झाली, पण परत कोल्हापूरला कसं यायचं यावर एकमत होईना.

जहाज 'सकाळी' पोचतं एवढंच कळवलंय. जहाज लागतं त्या बॅलार्ड पिअरवरून सीएसएमटी हाकेच्या अंतरावर आहे म्हणतात. कोयना एक्स्प्रेस पावणेनऊच्या आत सुटते. सासऱ्यांचा हट्ट कोयनेचाच. दिवसाचा प्रवास, खिडकी, रात्री आठच्या सुमारास घरात, आणि रात्रगाडीत त्यांना झोप लागत नाही. नवरा म्हणतो रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेसच. मग सकाळपासून रात्रीपर्यंत एवढी माणसं आणि एवढ्या बॅगा घेऊन मुंबईत करायचं काय? कुणी जाऊन आलं असेल तर सांगा. 'ट्रॅव्हल्सनं या' हे उत्तर नको, आत्येसासूबाईंना बस लागते.

राजारामपुरी_९वी_गल्ली
कोयना विसरा. पुढचा प्रश्न?

सागरमाळकर
का विसरा? आम्ही धरली होती की कोयना! जहाज पहाटेच लागलं होतं, आमच्याकडं पाठीवरच्या सॅका फक्त. पहिल्या खेपेला उतरलो, चालत जीपीओवरून स्टेशनात. गाडी फलाटाला उभी होती. नाद खुळा.

कडक_लक्ष्मी
सागरमाळकर, तुम्ही दोघं असाल आणि पंचविशीत असाल. इथं तीन ज्येष्ठ नागरिक आहेत.

सागरमाळकर
दोघं, हो. पंचविशीत नाही ओ, पण धन्यवाद. :)

भाऊचा_धक्का
मुंबईकराचा दोन पैशाचा सल्ला. जहाज धक्क्याला लागणं आणि तुम्ही गेटाबाहेर येणं या दोन वेगळ्या वेळा आहेत, आणि क्रूझवाले कळवतात ती पहिली. हार्बरमध्ये शिरण्याआधी वाट दाखवणारा पायलट जहाजावर चढतो, जहाज ओढणाऱ्या टग बोटी येतात, दोर बांधले जातात, शिडी लागते. मग सामान खाली, आणि मग माणसं. तीही एकदम नाही, मजल्याप्रमाणे किंवा बॅगेच्या टॅगच्या रंगाप्रमाणे पुकारून. शेवटच्या रंगाला दहा-अकरा वाजले तरी नवल नाही.

मोठ्या बॅगा आदल्या रात्री टॅग लावून केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या असतात. सकाळी त्या टर्मिनलच्या हॉलमध्ये मिळतात, आणि तिथं प्रत्येकाची बॅग काळीच असते. आपली ओळखू यावी म्हणून लाल फडकं बांधा. ज्यांना घाई असते ते आदल्या रात्री बॅग देत नाहीत, स्वतः ओढत पहिल्या खेपेत उतरतात. सागरमाळकरांचं तेच जमलं. सहा माणसांच्या बॅगांना ते जमणार नाही.

धक्का ते सीएसएमटी अंतर दोन किलोमीटरच्या आतच आहे, पण तीच अडचण. काळ्यापिवळ्यावाला एवढ्याशा भाड्याला मान हलवत नाही. मीटरचं किमान भाडं ३१ रुपये, त्यात तुमच्या बॅगा बघून तो समुद्राकडं बघत बसतो. आधी अॅपवरून मोठी गाडी बोलवा, किंवा सरळ दोन टॅक्स्या करा आणि मीटरपेक्षा थोडं जास्त द्यायची तयारी ठेवा.

कडक_लक्ष्मी
बॅग बाहेर ठेवण्यावरून आठवलं. आमच्या ह्यांनी आदल्या रात्री इतकी नीटनेटकी बॅग भरली की सकाळी घालायचे कपडेही तिच्यातच गेले. मी उठून बघते तर नवरोबा बर्म्युडा आणि जहाजाच्या पांढऱ्या सपाता घालून दारात उभे, बॅग गायब. तसेच उतरले, तसेच टॅक्सीत बसले. सपाता अजून आमच्या न्हाणीघरात आहेत. तर सई, एक जोड कपडे, सगळ्यांच्या गोळ्या, चष्मे, आधार कार्डं आणि रेल्वेचं तिकीट हातातल्या पिशवीत. सासूबाईंची बीपीची गोळी मोठ्या बॅगेत गेली तर ती बॅग मिळेपर्यंत सगळ्यांचंच बीपी वाढतं.

बिंदूचौक
@कडक_लक्ष्मी सपातांचा फोटो पाहिजे.

मिरज_जंक्शन
आता रेल्वेचं बोलू. मुंबईहून कोल्हापूरला थेट रोजच्या गाड्या दोन, सकाळी कोयना आणि रात्री महालक्ष्मी. महालक्ष्मी साडेआठच्या आत सुटते, सकाळी साडेसातच्या सुमारास कोल्हापूर. कोरोनाआधी संध्याकाळची सह्याद्री होती, तुमच्यासारख्यांना ती सोन्याची गाडी. ती पुढं पुण्यापर्यंतच उरली आणि आपले लोक अजून निवेदनं देतायत. पुणे-कोल्हापूर वंदे भारत २०२४ च्या सप्टेंबरात सुरू झाली, पण ती रोज नाही आणि पुण्याहून दुपारी सव्वादोनच्या सुमारास निघते. जहाजावरून उतरून पुण्यात ती धरायची म्हणजे पुन्हा तीच घोड्यावरची धावपळ.

महत्त्वाचं म्हणजे जहाज तुम्ही सहा महिने आधी बुक केलं असेल, पण रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवसांवर आलंय, आधी १२० होतं. त्यामुळं तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवा. सकाळी आठला खिडकी उघडते आणि नाताळच्या आठवड्यात महालक्ष्मीचं एसी बघता बघता वेटिंगला जातं. ऑनलाइन काढणार असाल तर खात्याला आधार जोडलेलं पाहिजे, सुरुवातीच्या वेळात बाकीच्यांना दारच उघडत नाही. आणि वेटिंगच्या तिकिटावर स्लीपर-एसीत बसायचं धाडस करू नका, १ मे २०२५ पासून ते चालत नाही.

पंचगंगाकाठ
@मिरज_जंक्शन सव्वीस डब्यांची माहिती देता, पण प्रश्नाचं उत्तर काय?

मिरज_जंक्शन
महालक्ष्मी. :)
खुलासा एवढाच की रेल्वेचं कन्फर्म तिकीट त्या एका गाडीपुरतं. गाडी चुकली की ते कागद. 'जहाज उशिरा आलं' हे कारण ऐकून टीसी तुम्हाला दुसऱ्या गाडीत बर्थ देणार नाही. म्हणून जिथं वेळ आपल्या हातात नाही, तिथं पहिली गाडी धरायची नाही.

कागलकर_साउथहॅम्प्टन
इकडं क्रूझ म्हणजे आमच्या गावाचा धंदाच आहे, म्हणून थोडं लिहितो. इंग्लंडात रेल्वेची तिकिटं दोन जातींची. स्वस्तातलं आगाऊ तिकीट फक्त ठरलेल्या गाडीला चालतं. महागातलं असतं ते त्या दिवशीच्या कुठल्याही गाडीला, किंवा गर्दीची वेळ सोडून कुठल्याही गाडीला. जहाजावरून उतरणाऱ्या पाहुण्यांना मी नेहमी दुसरं घ्यायला लावतो. साउथहॅम्प्टन सेंट्रल ते लंडन वॉटर्लू सव्वा-दीड तास, गाड्या तासाला दोन-तीन, एक गेली तर दुसरी. चार पाउंड वाचवायला गेलेले लोक बॅगेच्या पट्ट्याजवळ घामाघूम होऊन उभे असतात, रोज बघतो.

युरोपच्या क्रूझला जाणाऱ्यांनी आणखी एक बघा. जाहिरातीतलं शहर आणि खरं बंदर एक नसतं. 'लंडन' म्हणजे बहुतेक वेळा आमचं साउथहॅम्प्टन. 'पॅरिस' म्हणजे ल हाव्र, तिथून रेल्वेनं दोन तासांवर पॅरिस. 'रोम' म्हणजे चिवितावेक्किया, रोमपासून ऐंशी किलोमीटर. तिथं बंदरातून बाहेर यायला बस असते, मग स्टेशन, मग साधी प्रादेशिक गाडी धरून तासा-सव्वा तासात रोम. तिथल्या छापील तिकिटावर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यावा लागतो, नाहीतर तिकीट असून दंड. आणि 'व्हेनिस' तर विचारूच नका. २०२१ च्या ऑगस्टपासून २५,००० टनांवरच्या जहाजांना सान मार्को या मुख्य चौकासमोरून जायला बंदी आहे. त्यामुळं काही जहाजं शेजारच्या मार्गेरा बंदराला लागतात आणि काही चक्क राव्हेन्नाला. राव्हेन्नाला उतरून व्हेनिसच्या स्टेशनात दुपारची गाडी गाठायची म्हणजे आधी दोन-अडीच तासांचा रस्ता.

बिंदूचौक
म्हणजे 'कोल्हापूर' सांगून वळिवड्याला उतरवायचं!

गडहिंग्लजचा_पाव्हणा
मला एक कळंना, मुंबईला परत जायचंच कशाला? जहाज गोव्याला थांबतंय न्हवं? तिथंच उतरा की. मुरगावहून आमच्या गडहिंग्लजवरनं कोल्हापूर पाच-सहा तास. आंबोलीला चहा, आजऱ्यात घनसाळ तांदूळ, आमच्या घरी जेवण. शेवटचं खरंच सांगतोय.

रंकाळ्याची_सई
@पाव्हणा, आमंत्रण लक्षात ठेवते. :) पण आमचा गोव्याचा थांबा जातानाचा आहे, लक्षद्वीप त्याच्यानंतर. सासऱ्यांना लक्षद्वीपच बघायचंय.

मिरज_जंक्शन
गोव्याला उतरणाऱ्यांची काही बुकिंगं असतात, त्यांच्यासाठी लिहून ठेवतो, धागा पुढं कुणाला तरी सापडेल. मुरगाव बंदराला खेटूनच वास्को स्टेशन. गोवा एक्स्प्रेस तिथून दुपारी निघते, हजरत निजामुद्दीनला जाते, वाटेत लोंढा, बेळगाव, मिरज. मिरजेला उतरून कोल्हापूर पन्नासेक किलोमीटर. पोचायला रात्र होते, म्हणून मिरजेतून पुढं पॅसेंजर आहे का ते आधी बघा, नाहीतर एसटी. या मार्गाचा फायदा म्हणजे कुळे ते कॅसलरॉक घाट. दर ३७ फुटांना एक फूट चढ, मागं जादा इंजिनं लावतात, आणि दूधसागर उजेडात दिसतो. डावी-उजवी विचारू नका, गाडी वळणावळणानं जाते, दारात उभं राहायचं नाही, खिडकीतूनच बघायचं.

दुसरा मार्ग मडगावहून कोकण रेल्वेनं कणकवली किंवा वैभववाडी, आणि मग घाट चढून एसटीनं.

राजारामपुरी_९वी_गल्ली
वैभववाडी-कोल्हापूर रेल्वे झाली की सगळं सोपं होईल.

पंचगंगाकाठ
आमच्या आजोबांनीही हेच सांगितलं होतं.

सागरमाळकर
सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना मंजूर झाली म्हणून आम्ही पेढे वाटलेले. पेढ्याचा डबा परत मागतोय.

अण्णा_शुक्रवारपेठ
मुलांनो, तुम्ही सगळे क्रूझ क्रूझ करताय, आम्ही बोटीनं जायचो ते आठवलं. भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोट. डेकवर वळकटी टाकायची, शेजारी कुणाच्या तरी कोंबड्या. रत्नागिरीला बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे छोटी होडी, यायचा. वरून माणसं, ट्रंका, पोती सगळं त्या हलत्या पडावात. खलाशी दंडाला धरून 'हां, आता' म्हणायचा, त्या क्षणी पाय टाकायचा, लाट खाली गेली की गेला. माझ्या आईनं डोळे मिटून पाय टाकलेला मला दिसतोय. किनाऱ्याला लागलं की एसटी स्टँड, आणि आंबा घाटातून कोल्हापूर. एसटी बोटीसाठी थांबायची नाही. बोटीला उशीर झाला तर स्टँडवरच मुक्काम, कुणी तक्रार करत नसे. तक्रार करायची कुणाकडं?

आणि बॅलार्ड पिअरचं म्हणाल तर तिथं पूर्वी धक्क्यावरच रेल्वे स्टेशन होतं, बॅलार्ड पिअर मोल. विलायतेची टपालबोट लागली की साहेब बोटीतून उतरून समोर उभ्या गाडीत बसायचा. १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल पेशावरला जायची, तीही बोटीच्या हंगामात तिथून सुटे. म्हणजे जहाज आणि गाडी यांची गाठ घालून द्यायचं काम तेव्हा रेल्वेचं होतं, आता ते सूनबाईंच्या डोक्यावर आलंय.

भाऊचा_धक्का
अण्णा, सुरेख. नवं टर्मिनल सप्टेंबर २०२५ मध्ये उघडलं, चकाचक आहे. पण रूळ काही परत आले नाहीत.

पंचगंगाकाठ
अवांतर: बिंदूचौकनं वळिवड्याची चेष्टा केली म्हणून लिहितो. जहाजावरून उतरून रेल्वेनं कोल्हापूरला आलेली मोठी मंडळी वळिवड्यालाच आली होती. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत मुलखातून सुटलेली पोलिश कुटुंबं, बहुतेक बायका आणि मुलं. इराणातून जहाजानं कराचीला आणि तिथून पुढं रेल्वेनं इथं. १९४३ पासून १९४८ पर्यंत वळिवड्याच्या छावणीत जवळपास पाच हजार माणसं राहत होती, शाळा, चर्च, दवाखाना सगळं होतं. आज त्या जागी गांधीनगर आहे, आपण कपडे घ्यायला जातो. वॉर्सॉत कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान तिथं जाऊन आले.

बिंदूचौक
हे माहीत होतं, पण कराची-वळिवडे रेल्वेचा विचार कधी केला नव्हता. त्यांच्याकडं कन्फर्म तिकीट होतं का, हा प्रश्न विचारायची हिंमत होत नाही.

संपादक_मंडळ
छान चाललंय, पण धागाकर्तीच्या सहा माणसांना घरी पोचवा.

कडक_लक्ष्मी
पोचवते. महालक्ष्मी ठरली तर दिवस असा घालवा. उतरल्यावर थेट सीएसएमटी. तिथं क्लोकरूम आहे, पण कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, तेव्हा प्रत्येक बॅगेला छोटं कुलूप आणि तिकीट हाताशी. ज्येष्ठांना पडायचं असेल तर स्टेशनातच पॉड, म्हणजे झोपायचे छोटे कप्पे, आहेत, नाहीतर फोर्टात दिवसापुरती एक खोली घ्या. सहाजणांत एक खोली पुरे, आळीपाळीनं आंघोळी आणि डुलकी. ज्यांच्यात दम आहे त्यांनी वस्तुसंग्रहालय बघा. जेवायला बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया, १९२३ पासूनचं, बेरी पुलाव. फक्त दुपारचं उघडं असतं, सुट्टीचा वार बघून ठेवा.

राजारामपुरी_९वी_गल्ली
चार दिवस जहाजावर बिनतिखटाचं खाल्ल्यावर बेरी पुलाव? त्यापेक्षा कांदालसूण चटणीची डबी जवळ ठेवा.

गडहिंग्लजचा_पाव्हणा
चटणी जहाजावर नेऊ देतात का? हा खरा प्रश्न आहे, ह्यावर वेगळा धागा काढा.

सागरमाळकर
मला अजून वाटतं कोयनेला संधी द्यायला हवी. पण त्याच दिवशीची नाही. एक रात्र मुंबईत राहा, दुसऱ्या दिवशी सकाळी आरामात कोयनेत बसा. सासऱ्यांना खिडकी मिळाली, कुणाची धावपळ नाही.

रंकाळ्याची_सई
@सागरमाळकर हे आवडलं. पण सहा माणसांची मुंबईतली एक रात्र म्हणजे दोन खोल्या, डिसेंबरातले दर. नवऱ्यानं आकडा बघून लॅपटॉप मिटला.

सईचे_सासरे
नमस्कार. खाते आजच उघडले आहे. सूनबाईंनी माझ्याविषयी बरेच लिहिले आहे, ते वाचले. खुलासा करतो. मला रात्रगाडीत झोप लागत नाही हे खरे, परंतु त्याचे कारण रात्रगाडी नसून वरचा बर्थ आहे. चिरंजीव नेहमी सहा तिकिटे एकदम काढतात आणि मला वर चढवतात. गुडघा आहे. खालचा बर्थ मिळत असेल तर मला महालक्ष्मीचे वावडे नाही. मिरज_जंक्शन यांनी मार्गदर्शन करावे.

कडक_लक्ष्मी
काका!! स्वागत. आणि चिरंजीवांचे कान धरा.

मिरज_जंक्शन
काका, नमस्कार. तुमच्या चिरंजीवांनी सहा तिकिटं एकदम काढली तिथंच घोळ आहे. ज्येष्ठांसाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, पुरुषांना साठच्या पुढं, बायकांना पंचेचाळिसाच्या पुढं. पण तो एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तर लागतो. सहाजणांच्या तिकिटावर यंत्र तो कोटा बघतच नाही. तेव्हा तुमचं आणि काकूंचं एक तिकीट, आत्याबाईंचं दुसरं, ही दोन्ही त्या कोट्यातून. उरलेल्या तिघांचं तिसरं, साध्या कोट्यातून. डबे वेगवेगळे पडू शकतात, मग टीसीला आणि शेजाऱ्यांना विनवून अदलाबदल करायची, पण खालची जागा सोडायची नाही. भाड्यातली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती या कोट्याशी गल्लत करू नका. पैसे पूर्णच पडतील.

सईचे_सासरे
आभारी आहे. मग महालक्ष्मी. खिडकीचे काय करायचे ते जाताना कोयनेने जाऊन करू. आम्ही तिघे एक दिवस आधी निघतो, माझा मेहुणा दादरला असतो, मुक्काम तिकडे. तरुण मंडळींनी मागाहून यावे.

भाऊचा_धक्का
हे तर सर्वात शहाणपणाचं. येताना गाडी चुकली तर एक रात्र मुंबईत जाते. जाताना चुकली तर जहाज जातं, आणि त्याचं चेक-इन सुटण्याच्या बरंच आधी बंद होतं. तरुण मंडळींनीही आदल्या दिवशीच निघावं. महालक्ष्मीनं त्याच दिवशी सकाळी पोचून संध्याकाळचं जहाज धरणारे लोक आहेत, पण घाटात मालगाडी अडकली की त्यांचे चेहरे बघवत नाहीत.

रंकाळ्याची_सई
बाबांनी खातं उघडलं हे मला इथंच कळलं. नवरा सध्या गप्प आहे. ठरलं तर मग, जाताना बाबा, आई, आत्या कोयनेनं, आम्ही तिघं त्याच गाडीत दुसऱ्या डब्यात (दादरच्या मामांना अजून कुणी विचारलेलं नाही). येताना सगळे महालक्ष्मीनं, तीन तिकिटं. उतरायची तारीख २० डिसेंबर.

मिरज_जंक्शन
२० डिसेंबर म्हणजे खिडकी २१ ऑक्टोबरला उघडणार. तीन तिकिटं, तर सकाळी आठला तीन फोन आणि तीन खाती तयार ठेवा. एक काकांचं धरा, आता ते ऑनलाइन आहेतच.

बिंदूचौक
आणि मामांना फोन करा आधी.